पंडितजी, बेडी आणि लोणच्याचं तेल

२१ जुलै २००६, शुक्रवार

आज पुन्हा अलार्म! गिरजाने वांग्याला फोडणी दिली आणि छतावरचं ते गोल यंत्र बोंबलायला लागलं. मी टॉवेल फिरवतोय, सून उपासना खिडक्या उघडतेय, नात शिवांगी कानांवर हात ठेवून "ओ माय गॉड आजी, नॉट अगेन!" म्हणतेय. शेजारची गोरी बाई घाबरून दारात. उपासनाने तिला वाटीभर भाजीच दिली. गेली बिचारी, वाटी नाकापासून हातभर लांब धरून.

शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे येऊन दीड महिना झाला. अजून गरम पाणी नळाच्या कुठल्या बाजूला ते पाठ होत नाही. आज सकाळीही भाजलो.

संध्याकाळी रवी जवळ येऊन बसला. उद्या मराठी मंडळाचं जेवण आहे, प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा. मग टीव्हीकडे बघत म्हणाला – "बाबा, कुणी विचारलं तर नागपूरचे एवढंच सांगा. पुढचं नको."

पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. आम्ही बौद्ध. आडनाव डोंगरे. डोंगरे सगळ्या जातीत सापडतात. पोराला इथे ते सोयीचं पडतंय, हे आज कळलं.

"बरं," म्हटलं. तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, वाद न घालता गाडी पुढे काढायची सवय आहे. पण जेवणात लक्ष लागलं नाही. गिरजाने विचारलं, वांगं बिघडलं का? वांगं चांगलं होतं.

२२ जुलै, शनिवार

आज मी ब्राह्मण झालो! त्याला चार सेकंद लागले.

मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वर आगाशे. चाळिशीचा, पुण्याचा, आवाज असा की माइक बंद असला तरी चालतं. रवी म्हणाला, "हे माझे बाबा – पंडित –" आणि 'डोंगरे' म्हणायच्या आत हा गडी माझ्या पायाशी!

"पंडितजी! अहो, कुठे लपवून ठेवलं होतंस रे यांना!"

आता माझं नावच पंडित आहे त्याला मी काय करू? मी रवीकडे बघितलं. रवी समोशाकडे बघत होता.

कळलं ते असं – यांचे एक गुरुजी होते. आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करायचे आणि शनिवार-रविवार पूजा सांगायचे. ते गेल्या महिन्यात नोकरी बदलून टेक्सासला, फ्रिस्कोला गेले. तेव्हापासून मंडळ पोरकं! आणि वर मी धोतर नेसून गेलेलो. (पँट कालच गिरजाने ड्रायरमध्ये घालून शिवांगीच्या मापाची केली. त्यात माझा काय दोष?)

वरण येईपर्यंत अकरा जण पाया पडले. एक तर दातांचा डॉक्टर होता. मी प्रत्येकाला "सुखी राहा" म्हणत होतो. एकाला चुकून "पुढे सरका" म्हणालो. त्याने त्याचाही अर्थ लावला – "म्हणजे ग्रीन कार्ड होईल ना?"

गिरजा कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून हसत होती. निर्लज्ज बाई!

२३ जुलै, रविवार

सकाळपासून घरात एकच – "पंडितजी, तेवढा कचरा बाहेर ठेवा." "पंडितजी, भांडी घासून झाली का?"

२५ जुलै, मंगळवार

मोरेश्वरचा फोन. गणपती २७ ऑगस्टला. प्रतिष्ठापनेची पूजा मी सांगायची!

मी "पाहू" म्हणालो. एसटीत 'पाहू' म्हणजे 'नाही'. अमेरिकेत त्याचा अर्थ 'हो' होतो असं दिसतंय. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ईमेल गेलं. त्यात माझ्या नावापुढे 'वेदमूर्ती' लावलंय म्हणे. उपासनाने वाचून दाखवलं आणि हसता हसता खुर्चीवरून घसरली.

रवी नाही हसला. "बाबा, गुडघे दुखतात म्हणून सांगा."

"गुडघे दुखतच नाहीत ना."

"मग दुखवा!"

गिरजाचं म्हणणं वेगळंच – "पंचशील म्हणा ना सरळ. त्यांले काय समजून राह्यलं?"

३० जुलै, रविवार

न्हाणीघरात प्रयोग केला. डोळे मिटले, आवाज नाकात नेला आणि लय धरून सुरू – "नागपूर-बुटीबोरी-जाम-हिंगणघाट, वडनेर-वडकी-करंजी-पांढरकवडा!" काय घुमला! अंगावर काटा आला माझ्याच. रामटेक मार्ग तर त्याहून गोड लागतो. दार ठोठावून शिवांगी म्हणाली, "आजोबा, आर यू ओके?"

खरं सांगायचं तर – थोडी मजाही वाटतेय. चौसष्ट वर्षांत कुणी असं वाकलं नव्हतं. आणि मजा वाटते याचीच लाजही वाटते. दोन्ही एकदम. कागदाला सांगायला हरकत नाही.

५ ऑगस्ट, शनिवार

मंडळाची सहल ठरली. पुढच्या शनिवारी, बस करून, केंटकीतली मोठी गुहा बघायला. दोन दिवस. यादी मोरेश्वरची बायको वीणा करतेय. बारीक अंगाची, कमी बोलणारी. नवरा दोघांपुरतं बोलतो. तिने फोनवर विचारलं, "काका, बसमध्ये पुढची सीट देऊ का?" मी म्हटलं, "दाराजवळची दे पोरी. सवय आहे."

१२ ऑगस्ट, शनिवार. बसमध्ये

चाळीस माणसं. मी तीनदा मोजली. दोनदा एकोणचाळीस भरली, कारण मोजणारा मोजायचा राहिला. ड्रायव्हरला "जाऊ द्या!" म्हणालो. त्याने मागे वळून बघितलं. या बसला घंटेची दोरीच नाही, काय ओढणार!

१३ ऑगस्ट, रविवार. सकाळ, केंटकीतलं हॉटेल

कालचं सगळं लिहायला पाहिजे. गिरजा अंघोळीला गेलीय, म्हणजे पाऊण तास आहे.

दुपारी ओहायो नदीवरचा पूल ओलांडला आणि बसचा एसी मेला. खिडक्या उघडणाऱ्या नाहीत. पाच मिनिटांत सगळं मंडळ उकडलेल्या मोदकांसारखं दिसायला लागलं. ड्रायव्हरने नदीकाठच्या एका लहान गावात गाडी थांबवली. गावाचं नाव मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. मेकॅनिक यायला दोन तास. मी खाली उतरून इंजिनकडे बघून मान हलवली. त्याशिवाय राहवत नाही.

सगळी दुकानं बंद. उघडी एकच इमारत, जुन्या विटांची. पाटी शिवांगीने वाचली – गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासाचं म्युझियम. मोरेश्वरने एवढंच विचारलं, "एसी आहे का?" आणि आम्ही चाळीस जण गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासात घुसलो.

काउंटरवर एक काळी आजीबाई लोकर विणत होती. सत्तरीची, डोक्यावर जांभळी टोपी. मिस डेलोरिस. आमची झुंड बघून सुया खाली ठेवल्या. आठवडाभरात सहा माणसं आली होती म्हणे. तिला वाटलं, आम्ही इतिहासासाठी आलोय! अर्धे सरळ एसीच्या झरोक्याखाली जाऊन उभे, अर्धे बाथरूमच्या रांगेत. फार लाज वाटली. म्हणून मी तिच्या मागे मागे फिरलो, रवीला ओढत.

चांगलं समजावून सांगते बाई. नदीच्या या काठाला माणसं विकायचे. पलीकडच्या काठाला पोचला तर सुटला. मध्ये एवढंसं पाणी! पकडून आणलेल्या माणसांची जाहिरात, घोड्यांच्या जाहिरातीच्या खालीच छापलेली. एक लोखंडी कडं होतं, बांगडीएवढं. मला वाटलं कुत्र्याचं. रवी म्हणाला, "बाबा, ते लहान मुलांचं आहे."

पुढे जहाजाचा पोटातला भाग, खऱ्या मापाचा, लाकडी. फळ्यांवर फळ्या. मधे हातभर जागा. त्यात माणसं निजवून, साखळीला बांधून, समुद्रातून दोन-दोन महिने. गिरजा वाकून बघत राहिली. "कूस कशी बदलत असतील जी?" मिस डेलोरिसला मराठी येत नाही. पण हिने हाताने कूस बदलून दाखवली आणि तिने मान हलवली – बदलत नसत.

तेवढ्यात मोरेश्वरची आरोळी – "चला, ग्रुप फोटो! सगळे जहाजासमोर या!"

"नो सर," मिस डेलोरिस म्हणाली. "नॉट हिअर."

एवढंच. पण अख्खं मंडळ दोन पावलं मागे सरलं.

आता माझा पराक्रम. एका टेबलावर पाटी होती – हात लावून पाहा. नव्याने बनवलेल्या बेड्या, साखळ्या. वजन कळावं म्हणून. शाळेतल्या पोरांसाठी असतं ते. मी लावला हात. म्हणजे घातलाच. खट्! बसली! साखळीचं दुसरं टोक टेबलाला.

आधी मी हसलो. मग ओढली. मग पुन्हा ओढली. मग रवीला हाक मारली.

मिस डेलोरिसने ड्रॉवर उपसला, किल्ली नाही. पुतण्याला फोन केला, तो उचलेना. बातमी पसरली – पंडितजी अडकले! सगळं मंडळ एसी सोडून माझ्याभोवती. एक म्हणतो साबण, एक म्हणतो ९११. दातांचा डॉक्टर म्हणाला, "मी बघू का?" मी म्हटलं, "हा दात नाही!"

गिरजाने गर्दीतून वाट काढली, पर्स उघडली आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी काढली. इथलं जेवण तिला बेचव लागतं, म्हणून बरणी कायम पर्समध्ये. म्युझियमच्या दारावर खायचे पदार्थ नेऊ नका असं लिहिलंय. मिस डेलोरिसच्या देखत हिने माझ्या मनगटावर लोणच्याचं तेल ओतलं! आणि ओढतेय! मोहरीची डाळ सगळीकडे. बेडी काही निघेना, मी मात्र झणझणायला लागलो – मनगट सोललं होतं ना! "अगं तिखट! तिखट!" मिस डेलोरिस आधी गंभीर होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मग टोपी हलायला लागली. शेवटी टेबलाला धरून हसली. वीणाने ओले रुमाल आणून दिले.

मग मिस डेलोरिसने खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसली आणि विचारलं, "व्हॉट्स युअर नेम, सर?"

"पंडित."

मोरेश्वर पुढे. पंडित म्हणजे प्रीस्ट, स्कॉलर, आमच्यात फार मान असतो, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली – रवीने मला सांगितलं – तिच्या खापरपणजोबाचं नाव होतं प्रिन्स. म्हणजे राजपुत्र. मालकाने ठेवलेलं, गंमत म्हणून. पाहुणे आले की हाक मारायचा, "प्रिन्स, माझे बूट काढ!" आणि सगळे हसायचे. तिच्या घरात अजून कुणी ते नाव ठेवत नाही.

मोरेश्वर म्हणाला, "मॅडम, इन इंडिया वुई नेव्हर हॅड धिस काइंड ऑफ थिंग." कपाळाचा घाम पुसत, उगाच मोठ्याने.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "अँड यू? हू गेव्ह यू युअर नेम?"

आता काय करायचं? कुणी जात विचारली असती तर टाळली असती. गाव विचारलं असतं तर नागपूर म्हणून मोकळा झालो असतो. हिने माझ्या बापाबद्दल विचारलं. बाप कसा टाळणार? आणि टाळून जाणार तरी कुठे? हात टेबलाला बांधलेला!

"माय फादर गिव्ह," मी म्हणालो. "नाइन्टीन फॉर्टी-टू. फादर नो स्कूल. फादर वर्क..." इथे इंग्रजी संपली. मेलेल्या ढोराला काय म्हणतात? रवीकडे बघितलं. रवीने जमिनीकडे बघितलं.

मग मी मराठीतच सुरू केलं. मंडळाला तर मराठी समजतंच.

सांगितलं – माझा बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा. ते आमच्या जातीचं काम. बेचाळीस साली बाबासाहेब नागपूरला आले, बाप दोन दिवस चालत त्यांना ऐकायला गेला. तो परत आला आणि आठ दिवसांनी मी जन्मलो. आमच्या पोरांची नावं धोंड्या, कचऱ्या, दगड्या. बापाने ठेवलं पंडित. गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, आधी हसला, मग चिडला. म्हणाला, पांड्या म्हण.

एवढं झालं आणि मी थांबलो. मिस डेलोरिस रवीकडे बघत होती, वाट बघत. मला वाटलं, नाही सांगणार पोरगा. नको सांगू दे. माझं मी निस्तरतो.

रवीने मान वर केली. "माय ग्रँडफादर यूज्ड टू ड्रॅग द डेड कॅटल," म्हणाला. "दॅट वॉज द वर्क ऑफ अवर कास्ट."

अवर! माझी इंग्रजी कच्ची आहे, पण 'अवर' कळतं मला.

मग मी पुढचं सांगायला तोंड उघडलं तर तो माझ्या पुढे पळतोय! लहानपणी शंभर वेळा ऐकलीय त्याने ही गोष्ट, माझ्या मांडीवर बसून. मी थांबलो तरी तो थांबेना. शाळेत मास्तरने रजिस्टरात 'पांड्या' लिहिलं. त्याचा आजोबा शाळेबाहेर जाऊन बसला – पूर्ण नाव लिहा, तोवर गावातलं एक ढोर उचलणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मालगुजाराचा बैल मेला! अंगणात! जूनमध्ये! रवी हात पसरून बैल दाखवत होता. पहिला दिवस, मालगुजार नाकाला धोतर लावून ओरडतोय. दुसरा दिवस, मालगुजारीण माहेरी गेली. तिसरा दिवस, मालगुजार स्वतः शाळेत धावत – "मास्तर, लिहा एकदाचं! पंडित लिहा, महापंडित लिहा, काय पाहिजे ते लिहा!" मालगुजाराचा आवाज रवीने इंग्रजीत काढला. तसाच! माझा बाप काढायचा तसा, नाकातून!

मिस डेलोरिसने टेबलावर हात आपटला. "द बुल!" म्हणायची, हसायची, पुन्हा "द बुल!" डोळ्यांतून पाणी. मग माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरून बसली. हसणं थांबलं तरी पाणी थांबलं नव्हतं.

आमचं मंडळ? हसावं की नाही ते कळेना त्यांना. मोरेश्वरचं तोंड उघडं, आवाज गायब – पहिल्यांदाच. वीणा मागच्या बाकावर बसली, उन्हाने चक्कर आली म्हणाली. दातांचा डॉक्टर भिंतीवरची पाटी फार लक्ष देऊन वाचत होता. ती बाथरूमची होती.

आणि शिवांगी टेबलाखालून ओरडली, "आजोबा, देअर इज अ बटन!"

बेडीच्या खालच्या अंगाला लाल बटण! पाटीवर लिहिलेलंही होतं – सोडवण्यासाठी दाबा. अर्धं मंडळ इंजिनिअर, वर एक दंतवैद्य, कुणी वाचलं नाही. मिस डेलोरिस स्वतः विसरली होती. दाबलं, खट्, सुटलो.

गिरजा पाण्याची वाफ घेऊन बाहेर आली. पुरे.

१४ ऑगस्ट, सोमवार

काल गुहा पाहिली. मोठी आहे. अंधार आहे.

परतीच्या बसमध्ये भेंड्या नाहीत, आरडाओरडा नाही. पाच तास सगळे झोपले होते, डोळे उघडे ठेवून. उतरताना कुणी पाया पडलं नाही. पाठीला बरं वाटलं. बाकी ठिकाणी तितकंसं नाही.

रवीही बोलत नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवसांत सात फोन. सगळे एकच वाक्य – "काका, आम्ही असलं काही मानत नाही बरं का!" गिरजा म्हणते, मानत नाहीत तर सांगायला काहून फोन करून राह्यले? एकाने तर अर्धा तास त्याच्या कॉलेजमधल्या बौद्ध मित्राचं कौतुक केलं. मित्राचं नाव आठवेना त्याला.

एक फोन खरा होता. दातांचा डॉक्टर. म्हणाला, "काका, तो बैल माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या आजोबांची मालगुजारी होती." मग म्हणाला, "तुमचे दात कधी तपासायचे असतील तर या." जाईन. डावीकडची दाढ दुखतेच आहे.

१७ ऑगस्ट, गुरुवार

मंडळाचं ईमेल – 'काही अपरिहार्य कारणामुळे यंदाची पूजा सीडीवर होईल.' मी अपरिहार्य कारण झालो! वेदमूर्ती होतो, त्यापेक्षा हे जास्त शोभतं. पांढरकवडा मार्ग मात्र वाया गेला.

१९ ऑगस्ट, शनिवार

रवी मागच्या अंगणात गवत कापत होता. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. यंत्र बंद करून तो शेजारी येऊन बसला. पाच दिवसांनी.

"बाबा, तुमच्या हाताला अजून लोणच्याचा वास येतो."

"तुझ्या आईने बरणी संपवली माझ्यावर."

हसला. मग गवताकडे बघत सांगितलं. अमेरिकेत नवा नवा आला तेव्हा एडिसन नावाच्या गावात चार पोरं एकत्र राहायची. सगळी मराठी. एकदा ह्याच्या बॅगेत माझं पत्र सापडलं, वर 'जय भीम' लिहिलेलं. कुणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ह्याचं ताट ओट्यावर वेगळं ठेवलेलं. महिनाभर तो त्याच ताटात जेवला. मग शिकागोकडची नोकरी शोधली.

"मला का नाही कळवलंस?"

"तुम्ही पत्रावर 'जय भीम' लिहिणं सोडलं असतं."

खरंय. सोडलं असतं. पोराला जपायला म्हणून सोडलं असतं.

मी म्हटलं, "रागावलास का माझ्यावर? तिथे बोललो म्हणून?"

"रागावलो होतो. पहिल्या मिनिटाला. मग बैल आला ना..." आणि पुन्हा मालगुजाराचा आवाज काढला. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारची गोरी बाई कुंपणावरून डोकावली. रवीने तिला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जातीसकट. ती म्हणाली, "ओ माय." आणि गिरजाला विचारायला सांगितलं, ती जांभळी भाजी पुन्हा कधी करणार.

२३ ऑगस्ट, बुधवार

दुपारी बेल. वीणा आगाशे. एकटीच, गाडी रस्त्याच्या पार पलीकडे लावलेली. मला वाटलं, मंडळाचं काही काम. "ये पोरी" म्हटलं तर दारातच उभी. चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली.

"काका, जय भीम," म्हणाली. इतकी हळू की वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी नागपूरची, इंदोऱ्याची. माहेरची खोब्रागडे. इथे अकरा वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, "आणि मोरेश्वर –"

"त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. लग्न इथेच केलं, कोर्टात. सासूबाईंना आडनाव वेगळं सांगितलं. मग सगळ्यांनाच तेच सांगत गेलो. सहलीहून आल्यापासून ते जेवले नाहीत धड. आज म्हणाले, तू जाऊन ये काकांकडे."

आतून गिरजा ओरडली, "कोन आहे जी?"

मी दार पूर्ण उघडलं.

"घरचं माणूस आहे," म्हणालो. "चहा टाक."